ताटाची डावी बाजू

भाकर, वरण, भाजी यांच्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण ताटाच्या डाव्या बाजूला जे चमचा-चमचा वाढतात, मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, त्याचा इतिहास सहसा कोणी विचारत नाही. ते नुसतं तोंडी लावणं. असलं तर असलं, नसलं तर भाकर काही अडत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, या वेळी डाव्या बाजूची एकच वस्तू घ्यायची आणि ती कुठून कुठून आली ते शोधत जायचं. ती वस्तू म्हणजे कच्च्या पत्ताकोबीची आंबट-तिखट कोशिंबीर.

ही कोशिंबीर फक्त आपल्याकडेच होते असं नाही. समुद्रापलीकडे, अर्ध्या जगाच्या अंतरावर कॅरिबियन बेटं आहेत. क्रिकेट बघणारी पोरं त्यांना वेस्ट इंडीज म्हणतात. त्या बेटांवरही कोबी असाच बारीक चिरतात, त्यात गाजर, कांदा, झणझणीत मिरची आणि आंबट घालतात आणि ताटाच्या कडेला वाढतात. हैती नावाच्या देशात याच पदार्थाला पिकलिझ म्हणतात. तिथली बाई आणि आपण एकमेकींना कधी भेटलो नाही. मग दोघींच्या ताटात एकच चव कशी आली? आजची गोष्ट तीच आहे.

आधी कोबीचं नाव बघू. आपण पत्ताकोबी म्हणतो, कोणी पानकोबी म्हणतं, कोणी नुसतं कोबी. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत या भाजीला ‘कोव्ह’ म्हणतात. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांतून नव्या भाज्या, नवी फळं आणि त्यांची नावंही आपल्याकडे उतरली. कोव्ह हा शब्द निघाला जुन्या लॅटिन भाषेतल्या देठ या अर्थाच्या शब्दातून. डच लोकांनी त्याच शब्दाचं ‘कोल’ केलं आणि कच्च्या कोबीच्या कोशिंबिरीला ‘कोलस्ला’ म्हणू लागले. हॉटेलात मिळणारं कोलस्लॉ ते हेच. म्हणजे आपला कोबी आणि त्यांचं कोलस्लॉ ही नावानं एकाच घराण्यातली.

कोबीचं मूळ रान युरोपच्या समुद्रकाठचं. थंडी त्याला मानवते. आपल्याकडे इंग्रजांच्या छावण्या जिथे पडल्या, तिथे बंगल्यांच्या मागे कोबी, फुलकोबी, गाजर यांचे वाफे आले. अशा भाज्यांना लोक विलायती म्हणत. आपलं हिंगोलीही छावणीचंच गाव होतं. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचं इथे ठाणं होतं. पण फौजा गेल्या, विलायती हा शब्दही गेला, आणि कोबी राहिला. आता हिवाळ्यात आठवडी बाजारात कोबीचा ढीग लागतो आणि कोणाला वाटत नाही की ही परक्या मुलखातली भाजी आहे. पूर्णेवरचं सिद्धेश्वर, पैनगंगेवरचं इसापूर, अशा धरणांचं पाणी किंवा विहिरीचं पाणी असलं की रब्बीत कोबी लावता येतो. रोप लावल्यापासून दोन-तीन महिन्यांत गड्डा हाताशी येतो.

आता मिरचीकडे या. ठेचा आपल्या जिवाचा. मिरची नसलेलं मराठवाड्याचं जेवण डोळ्यांपुढे येत नाही. पण पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी या मुलखात एकही मिरची नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं मानसोल्लास नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ केला. कल्याणी म्हणजे लातूर-उमरग्याच्या पलीकडचं आजचं बसवकल्याण. त्या ग्रंथात राजाच्या जेवणाची तपशीलवार वर्णनं आहेत. तिखटपणासाठी मिरे आहेत, आलं आहे. मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही आणि कोबीही नाही. राजाच्या ताटात नव्हतं, तर आपल्या आज्या-पणज्यांच्या ताटात कुठून असणार?

मिरची आली ती त्याच कॅरिबियन मुलखाकडून. कोलंबस निघाला होता हिंदुस्थान शोधायला. त्याला हवे होते आपले मिरे, कारण युरोपात मिऱ्यांना मोठा भाव होता. १४९२ साली तो वाट चुकून त्या बेटांवर पोचला आणि त्याला वाटलं, हेच हिंदुस्थान. म्हणून त्या बेटांना वेस्ट इंडीज हे नाव पडलं. तिथल्या एका मोठ्या बेटाला त्यानं हिस्पानिओला नाव दिलं. आज त्याच बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत. तिथले मूळ रहिवासी जेवणात एक लाल तिखट फळ खात. जानेवारी १४९३ मध्ये कोलंबसानं आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली. मिरे शोधायला गेला आणि मिरची घेऊन आला. पुढे पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. आपल्या लोकांनी तिला मिऱ्यावरूनच नाव दिलं, मिरची.

बटाटा हा शब्दही त्या बेटांवरच्या मूळ लोकांचा. बाजारात बटाट्याचा भाव विचारताना आपण त्यांच्याच भाषेतला शब्द बोलतो, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. त्या लोकांचं मात्र पुढे फार वाईट झालं. युरोपातून आलेले रोग आणि सक्तीची मजुरी यांनी काही दशकांतच त्यांची वस्ती जवळजवळ संपली. शब्द उरले, मिरची उरली.

मिरची तिकडून इकडे आली, तसं इकडून तिकडेही बरंच गेलं. लिंबू आपल्या आशियातलं. लिंबू-संत्र्याच्या जातीची झाडं अरबांनी पश्चिमेकडे नेली आणि १४९३ साली कोलंबसानं आपल्या दुसऱ्या सफरीत त्यांच्या बिया हिस्पानिओलावर नेल्या. त्याच सफरीत त्यानं ऊसही नेला. साखर करायची विद्या जगाला मिळाली ती हिंदुस्थानातून. कितीतरी भाषांतले साखरेचे शब्द आपल्या ‘शर्करा’ शब्दापासून निघाले आहेत. नारळही आपल्या बाजूच्या समुद्रातला, तोही जहाजांतून त्या बेटांवर पोचला. आणि आपल्या कोशिंबिरीतला शेंगदाण्याचा कूट? भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आता एक वाटी कोशिंबीर समोर ठेवून मोजा. कोबी युरोपचा, मिरची आणि शेंगदाणा अमेरिकेकडचा, गाजर मध्य आशियाकडचं, लिंबू, हळद आणि खोबरं आपल्या बाजूचं. एवढं सगळं एका वाटीत नांदतं.

बेटांवर नेलेल्या उसाची गोष्ट मात्र गोड नाही. बेटांवर उसाचे मळे झाले. कष्टाला माणसं हवी होती, म्हणून आफ्रिकेतून माणसं पकडून, साखळदंडात घालून जहाजांनी आणली. साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ हा व्यापार चालला. सव्वा कोटीच्या आसपास माणसं जहाजांत कोंबून अमेरिकेकडे नेली गेली, त्यातली लाखो वाटेतच मेली. जी पोचली त्यांतली फार मोठी संख्या उसाच्या मळ्यात जुंपली गेली. त्यात बायाही होत्या. ऊस तोडायला, खड्डे खणायला बायांना सवलत नव्हती.

या गुलामांच्या ताटात काय पडायचं ते मालक ठरवायचा. खारवलेले मासे, पीठ, मक्याचं काहीतरी, तेही मोजून. पण जमैकासारख्या बेटांवर मालक पूर्ण जेवण देत नसत. खर्च वाचावा म्हणून ते गुलामांना डोंगरउताराचा एखादा तुकडा देत आणि सांगत, सुट्टीच्या दिवशी कसा आणि पोट भरा. सहा दिवस मालकाच्या उसात राबून सातव्या दिवशी स्वतःच्या तुकड्यात राबायचं. देणाऱ्यानं तो तुकडा कंजूषपणानं दिला होता, पण घेणाऱ्यांनी त्यातून वेगळंच काही उभं केलं. कंद लावले, भोपळे लावले, मिरच्या लावल्या, भाजीपाला केला. खाऊन उरलेलं रविवारच्या बाजारात विकलं. त्या बाजारात बसणाऱ्यांत बाया मोठ्या संख्येनं होत्या. ज्यांची स्वतःच्या देहावर मालकी नव्हती, त्यांच्या हातात भाजी विकून आलेले चार पैसे होते. जमैकात अशा विक्रेत्या बायांना हिगलर म्हणतात आणि हैतीत मादान सारा. आजही त्या देशांत गावातला माल शहरात पोचवण्याचं मोठं काम याच बाया करतात.

आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या आठवडी बाजारात पहाटे माळव्याची पाटी घेऊन बसणाऱ्या बायांना हे ओळखीचं वाटेल. वावराचा सातबारा बहुतेकींच्या नावावर नाही. पण बांधावरचा वाल, परड्यातली मिरची, वाफ्यातली मेथी-कोथिंबीर, हे बाईचं. त्यातून मिठामिरचीचा खर्च निघतो. मोठं पीक कोणाचंही असो, कडेचं बाईचं असतं.

हैतीत तर गुलामांनी इतिहासच उलटा केला. १७९१ साली त्यांनी बंड पुकारलं, मळे पेटवले, फ्रेंच फौजांशी लढले आणि १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र केला. तिथे दर वर्षी १ जानेवारीला घरोघरी भोपळ्याचं सूप करतात. गुलामगिरीच्या काळात ते मालकाच्या टेबलावरचं जेवण होतं, करणाऱ्यांना ते खायची मुभा नव्हती, असं तिथे सांगतात. म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशी ते सगळ्यांनी खायचं. त्याच देशाच्या रोजच्या ताटात कोपऱ्याला पिकलिझ असतं. कोबी, गाजर, कांदा, तिथली अतिशय जहाल मिरची, लवंग, मिरे, सगळं शिरक्यात मुरवलेलं. तळलेल्या केळ्यांबरोबर, तळलेल्या मांसाबरोबर ते खातात. गोऱ्यांनी आणलेला कोबी आणि त्या मातीतली मिरची एकत्र करून तिथल्या माणसांनी स्वतःची चव केली.

१८३८ पर्यंत इंग्रजांच्या वसाहतींतली गुलामगिरी पूर्णपणे बंद झाली. मग ऊस कोणी तोडायचा? मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. पाच वर्षांच्या करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. ५ मे १८३८ रोजी गयाना देशात पहिली दोन जहाजं पोचली. ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पहिलं जहाज लागलं. तो दिवस तिथे आजही सुट्टीचा असतो. १९१७ साली भरती थांबेपर्यंत पाच लाखांच्या आसपास माणसं कॅरिबियन मुलखात गेली. ती जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून सुटत, त्यामुळे जाणारे बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि तमिळ-तेलुगू भागातले. सरकारचा एक नियम होता, शंभर पुरुषांमागे चाळीस बाया हव्यात. त्या चाळीसांत विधवा होत्या, घरातून निघालेल्या होत्या, दुष्काळानं उठवलेल्या होत्या. ज्यांना गावात जागा उरली नव्हती, अशा कितीतरी एकट्या बाया जहाजावर चढल्या.

आपली मराठी माणसं गेली ती मॉरिशसला. मुंबईहून जहाजं निघत आणि रत्नागिरीकडची, कोकणातली माणसं त्यात असत. तिथेही ऊसच. मॉरिशसमध्ये त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही आहेत. तिथे मराठी शिकवलं जातं आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आणि तिथल्या ताटात काय असतं? कोबी, गाजर, शेंगा लांब-लांब चिरून त्यात हळद, मोहरी, लसूण, मिरची, तेल आणि शिरका घालून केलेलं लोणचं. त्याला ते आपल्याच अचार शब्दावरून आशार म्हणतात. डाळपुरीत भरून खातात. त्रिनिदादमध्ये हळदीला हरदी म्हणतात, जिऱ्याला गीरा, पालेभाजीला भाजी, वांग्याला बैगन. पाच पिढ्या उलटल्या, गावाचं नाव विसरलं, काही घरांत भाषाही गेली. पण मसाल्याच्या डब्यातले शब्द राहिले.

आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळद काढायला, शिजवायला, वाळवायला किती बायांचे हात लागतात ते आपल्याला सांगायला नको. ती चिमूटभर हळद किती समुद्र ओलांडून गेली आणि परक्या मुलखात कोबीवर पडून कशी तिथलीच झाली, हे आपल्याला ठाऊक असावं असं आम्हाला वाटतं.

त्या करारी मजुरीविरुद्ध आवाज उठवला तो एका मराठी माणसानं. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदेमंडळात ठराव मांडला की ही पद्धत बंद करा. तेव्हा ठराव हरला, पण पाच वर्षांत भरती थांबली. आपल्याकडे आजही ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला कोयता म्हणतात. मराठवाड्यातून कितीतरी कोयते दर वर्षी दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघतात आणि उचल फिटेपर्यंत परत फिरता येत नाही. तो करार आणि ही उचल एक नाही. पण आधी पैसे घेऊन मग अंग मोडायचं म्हणजे काय, हे ज्या बायांनी सोसलंय त्यांना त्या जहाजावरच्या बायांची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आता आंबट कोबीची आणखी एक गोष्ट, आणि ही थेट आपल्या अंगाशी येते. जुन्या काळी जहाजं महिनोन्महिने समुद्रात असत. खलाशांच्या हिरड्या सुजत, रक्त येई, दात हलत, जुनी जखम पुन्हा उघडे आणि माणूस मरे. त्या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला, त्या सफरीत त्याची पुष्कळ माणसं याच रोगानं गेली. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरानं आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळं काही खायला दिलं. ज्यांना संत्री आणि लिंबं मिळाली, ते भराभर बरे झाले. पुढे कॅप्टन कूक नावाच्या दर्यावर्दीनं १७६८ साली लांबच्या सफरीवर जाताना जहाजात मिठात आंबवलेला कोबी भरून नेला. साडेतीन हजार किलोच्या आसपास.

पण खलाशी तो खाईनात. नवं अन्न, आंबट वास, कोण खाणार? कूकनं कोणावर जबरदस्ती केली नाही. त्यानं तो कोबी रोज साहेबांच्या टेबलावर वाढायला लावला आणि खलाशांना सांगितलं, हवा त्यानं घ्या, नको त्यानं सोडा. साहेब रोज खातात म्हटल्यावर आठवड्याच्या आत खलाश्यांची एवढी मागणी झाली की कोबी मोजून द्यावा लागला. घरात नवी भाजी खपवायची असेल तर हा उपाय चांगला आहे. लेकरांना ‘खा रे खा’ म्हणण्यापेक्षा मोठ्यांनी आवडीनं खायचं.

लिंबात आणि कच्च्या कोबीत क जीवनसत्त्व असतं. त्या काळी हे नाव कोणाला माहीत नव्हतं, पण गुण कळला होता. आपल्याकडे स्कर्व्हीनं माणसं मरत नाहीत. आपला रोग दुसरा आहे, रक्त कमी असण्याचा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आढळलं. शंभरांत चौपन्न. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत, डाळीत, पालेभाजीत लोह असतं, पण त्यातलं थोडंच अंगी लागतं. त्याच घासाबरोबर लिंबू, कच्चा कोबी, पेरू, आवळा असं काही पोटात गेलं तर जास्त लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या बंद करायच्या नाहीत. कोशिंबीर गोळीची जागा घेत नाही, तिला साथ देते.

आता करायचं कसं ते सांगतो. पाच-सहा माणसांना पाव किलो कोबी पुरे. गड्डा घट्ट आणि जड बघून घ्यावा. वरची दोन-तीन पानं काढून टाकायची, कारण फवारणीचं औषध तिथे जास्त बसतं. बाकीची पानं सुटी करून मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, म्हणजे अळी असेल तर निघते. मग स्वच्छ वाहत्या पाण्याखाली एकेक पान चोळून धुवायचं. कोबीतली हिरवी अळी मेंदूत जाते असं बोललं जातं, ते खरं नाही. धोका असतो तो पट्टकृमीच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांचा. माणसाच्या विष्ठेनं घाण झालेलं पाणी किंवा माती भाजीला लागली तर ती येतात. म्हणून कच्ची खायची कोणतीही भाजी, कोबी असो की कोथिंबीर, नीट धुतल्याशिवाय खायची नाही. चिरायच्या आधी धुवायचं. चिरून मग पाण्यात ठेवलं तर सत्त्व पाण्यात जातं.

विळीवर कोबी केसासारखा बारीक चिरायचा. एक गाजर किसायचं, एक कांदा लांब पातळ चिरायचा. तिखट हिरव्या मिरच्या दोन, बारीक कापून. दोन लिंबांचा रस, त्यात पाऊण चमचा मीठ, बोराएवढा गूळ, पाच-सहा मिऱ्यांची भरड आणि दोन लवंगांची पूड कालवायची. गूळ विरघळला की हे पाणी भाजीवर ओतून हातानं हलकं चोळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. कोबी थोडा नरम होतो, पण कुरकुरीतपणा राहतो. काही जणी पचडी करताना मीठ लावून पाणी पिळून टाकतात. ते पाणी टाकू नका, सत्त्व त्यातच असतं. लवंग आणि मिरे ही त्या बेटांची खूण. ती नको असेल तर मोहरी-हळदीची फोडणी थंड करून घाला आणि वरून शेंगदाण्याचा कूट, म्हणजे ती आपली कोशिंबीर झाली. हैतीसारखं मुरवून ठेवायचं असेल तर लिंबाऐवजी भाजी बुडेल इतका शिरका घ्यायचा, काचेच्या कोरड्या बरणीत भरायचं आणि दुसऱ्या दिवशी काढायचं. लिंबाची मात्र त्याच दिवशी संपवावी.

ज्वारीच्या भाकरीबरोबर, खिचडीबरोबर, पिठल्याबरोबर ती चांगली लागते. लिंबू महाग असेल तेव्हा चिंचेचा कोळ, कैरीचा कीस चालतो. आणि लाल अंबाडी घरी असेल तर तिच्या बोंडांच्या लाल पाकळ्या चिरून घालून बघा. कॅरिबियन बेटांवर त्याच पाकळ्यांचं लालभडक सरबत नाताळात घरोघरी करतात.

शेवटी एक गोष्ट राहिली. कोशिंबीर वाटीभर होते. आधी घरातले पुरुष बसतात, मग लेकरं, पाहुणा असेल तर पाहुणा. भाकर शेवटपर्यंत उरते, कारण भाकर मोजून केलेली असते. वरण पाणी घालून वाढवता येतं. डावी बाजू वाढवता येत नाही. बाई जेवायला बसते तेव्हा वाटी रिकामी असते आणि ती ठेच्यावर भाकर खाऊन उठते. म्हणजे ज्या घासाची गरज तिला सगळ्यांत जास्त, तोच घास तिच्यापर्यंत येत नाही. त्या बेटांवरच्या बायांना मालक मोजून वाढत होता. आपल्याला कोणी मोजून देत नाही, आपणच आपल्याला शेवटी ठेवतो.

म्हणून या महिन्यात गटाच्या बैठकीत दोन कामं करा. एक, बैठकीला प्रत्येकीनं घरून एकेक जिन्नस आणायचा, कोणी कोबी, कोणी गाजर, कोणी लिंबं, आणि तिथेच कालवून सगळ्यांनी मिळून खायचं. दोन, घरी कोशिंबीर केली की वाढायच्या आधी आपल्या आणि लेकीच्या वाट्याची दोन वाट्या बाजूला काढून ठेवायची. कोणी विचारलं तर सांगा, रेडिओवर सांगितलंय. महिनाभर करून बघा आणि काय झालं ते आम्हाला कळवा. घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारून हेही कळवा की त्यांच्या लहानपणी ताटाच्या डाव्या बाजूला काय काय असायचं. पुढच्या गप्पांमध्ये आम्ही ते वाचून दाखवू.